शेवटच्याला आधी

दगडी घर पुन्हा उघडावं असं हॅल्डनमध्ये कुणालाच वाटत नव्हतं. कॉलेजला नाही, गावाला नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. वाटत होतं ते फक्त एकाला, आणि त्याच घरापायी त्याच्या डाव्या पायाची तीन बोटं गेली होती.

त्याचं नाव ॲन्सन क्रेगल. मी कॉलेजात दाखल झालो त्या वर्षी वसतिगृहात तो माझ्या खोलीत राहायला आला. वयाने माझ्यापेक्षा मोठा, कारण कॉलेज अर्धवट सुटून मधली काही वर्षं त्याची आधी दवाखान्यात आणि मग वडिलांच्या लाकडाच्या वखारीत गेली होती. पहिल्याच दिवशी त्याने बूट काढला, मोजा काढला आणि पाय माझ्यापुढे धरून म्हणाला, "बघून घे एकदा नीट. म्हणजे मग चोरून बघायला नको."

मी दुधाच्या धंद्यातल्या घरचा, गोठ्यात वाढलेला. म्हणालो, "आमच्या एका गाईचा कान असाच गेलाय. थंडीने."

"मग आपलं जमेल," ॲन्सन म्हणाला.

दगडी घर म्हणजे तळ्याकाठची एक फ्रॅटर्निटी, पोरांचं बंधुमंडळ. दारावर तीन ग्रीक अक्षरं कोरलेली, पण ती उच्चारायच्या भानगडीत गावात कुणी पडत नसे. अमेरिकाभर त्यांच्या शाखा होत्या. हॅल्डनची शाखा सगळ्यांत जुनी, आणि आता कुलूप लागलेली.

झालं होतं ते असं. मी यायच्या काही वर्षं आधी, एका जानेवारीत, मंडळात घेण्याआधी नव्या उमेदवारांना रगडायचा 'कडक आठवडा' चालू होता. शेवटच्या संध्याकाळी पोरांना डोळे बांधून गोठलेल्या तळ्यावर नेलं, बूट काढायला लावले आणि मंडळाच्या संस्थापकांची तीन वचनं ओरडून म्हणायला लावली: उघडं दार, खरा शब्द, शेवटच्याला आधी. मग जुने भाऊ पट्ट्या सोडून म्हणाले, पळा घराकडे. जो शेवटी पोचेल तो वर्षभर सगळ्यांची भांडी घासणार. 'शेवटच्याला आधी' म्हणायला लावून शेवटच्याला शिक्षा, आणि यातली गंमत कुणाच्या लक्षातही आली नाही. तेवढ्यात वारा सुटला, बर्फाचा भुगा उडायला लागला. बाकीचे पोचले. ॲन्सनची दिशा चुकली. सकाळी बर्फातून मासे धरायला निघालेल्या एका म्हाताऱ्याला तो तळ्यावरच्या आपल्या झोपडीच्या भिंतीला टेकून बसलेला सापडला.

शाखा बंद झाली. काही पोरांना कॉलेजने काढलं, बाकीच्यांची नावं पेपरात आली.

आणि आता, इतक्या काळाने, ॲन्सनच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला, मंडळाच्या मुख्य कचेरीतला माणूस हॅल्डनला येऊन सांगून गेला होता की चांगली पोरं जमली तर आम्ही शाखा पुन्हा मान्य करू. त्याला भेटायला आपण होऊन गेला तो एकटा ॲन्सन.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी विचारलं. "ज्या घराने तुझी बोटं खाल्ली, तेच उघडायला निघालास?"

"घराने नाही खाल्ली. थंडीने खाल्ली."

"आणि थंडीत कुणी सोडलं तुला?"

त्याने पायातला मोजा वर ओढला. मग म्हणाला, "गेलन, तिथे मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. जिकडे बघावं तिकडे पांढरं. घाबरल्यावर माणूस प्रार्थना म्हणतो ना? मला एक ओळ आठवेना. तोंडात बसलेली तीच तीन वचनं. तीच म्हणत चालत राहिलो. थांबलो असतो तर गेलोच असतो. नंतर दवाखान्यात पडल्या पडल्या विचार करायचो, शब्द काही वाईट नाहीत. नको त्या हातांत पडलेत."

"मग शब्द घे नि दुसरीकडे जा की. घर कशाला हवं?"

"कारण ते घर बंदच राहिलं तर लोकांच्या लक्षात ती एक रात्र राहील, बाकी काही नाही."

मला पटलं नाही. पण तो म्हणाला, "बरं, निदान खुर्च्या मांडायला तरी ये," आणि डोनट होते, म्हणून मी गेलो. पहिल्या बैठकीला आम्ही दोघंच. डोनट आठवडाभर पुरले.

ॲन्सनने कॉलेजभर पत्रकं लावली होती. दुसऱ्या दिवशी वाचनालयासमोरच्या पत्रकावर कुणीतरी काळ्या शाईने एक पाय काढून ठेवला, तीन बोटं नसलेला. माझं डोकं तापलं. मी ते फाडायला गेलो तर ॲन्सनने माझा हात धरला. वाकून नीट बघितलं.

"उजवा काढलाय मूर्खाने," तो म्हणाला. खिशातून पेन काढून चित्राखाली लिहिलं: 'डावा. दुरुस्ती करावी. – ॲन्सन क्रेगल.'

पुढच्या बैठकीला माणसं आली ती त्या एका ओळीमुळे. त्यांत फेंग वांग होता. लाओसच्या डोंगरांतून इथे आलेल्या ह्मोंग लोकांतला, बोलायला तिखट, हिशेबाला पक्का. खुर्चीवर उलटा बसून म्हणाला, "मी इथे भाऊ शोधायला आलेलो नाही. घरी सहा आहेत, पुरे झाले. मला फक्त स्वतःच्या टवाळीत चूक काढणारा माणूस कोण ते बघायचं होतं."

"मग, बघितलास?" ॲन्सन म्हणाला.

"बघितला. डोनट शिळे आहेत."

पण तो पुढच्या वेळी आला. ट्रॉम्बोन वाजवणारा ऑस्कर आला, कुस्तीच्या संघातून बाहेर पडलेला एक आडदांड पोरगा आला, आणखी चारदोन आले. कुणाचंच आधी कुठे फारसं जमलेलं नव्हतं, एवढंच काय ते सारखं.

आता प्रश्न घराचा. घर मंडळाच्या माजी सभासदांच्या मालकीचं, आणि त्यांचे पुढारी डॉक्टर मेरिल स्ट्राउड. दातांचे डॉक्टर, गावातल्या निम्म्या लोकांच्या तोंडात त्यांचा हात जाऊन आलेला. त्यांनी ॲन्सनला, फेंगला आणि मला महामार्गावरच्या सपर क्लबमध्ये, म्हणजे जुन्या थाटाच्या खाणावळीत, जेवायला बोलावलं. ब्रँडी मागवली, आम्हाला मांसाचे मोठाले तुकडे मागवले आणि मुद्द्यावर आले.

"घर देतो. छप्पर, पाणी, गॅस, सगळं करून देतो. अट एकच. आठवडा राहिला पाहिजे. तळं नको, कबूल. पण पोरांना जरा रगडल्याशिवाय ती एक होत नाहीत. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, क्रेगल."

"मला देव नव्हतं व्हायचं, डॉक्टर," ॲन्सन म्हणाला. "मला भाऊ हवे होते."

डॉक्टरांनी काटा खाली ठेवला. "तुझ्यावर वाईट वेळ आली, मला वाईट वाटतं. पण एका अपघातापायी इतकी जुनी रीत मोडायची?"

"जुनी कुठे? पहिल्यांनी कुणाला रगडलं होतं? ती गोष्ट आम्हाला तुम्हीच सांगायचात."

सांगायचे खरे. दर वर्षी उमेदवारांना संस्थापकांची गोष्ट सांगायला डॉक्टरच येत, आणि छान सांगत, असं ॲन्सन म्हणायचा. शेतावरची गरीब पोरं. कॉलेजच्या खाणावळीत जेवणं परवडत नव्हतं. त्यांनी कातडी कमावणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली घेतली आणि एका भांड्यात शिजवून खायला लागली. कुणी लाकडं फोडायला जायचा, कुणी तबेल्यात राबायचा. जो सगळ्यांत उशिरा कामावरून यायचा त्याच्या वाट्याला भांड्याचा तळ उरायचा. म्हणून त्यांनी ठरवलं, शेवटी येईल त्याला आधी वाढायचं. त्याची वाट बघायची. दाराला कडी लावायची नाही. आणि जेवताना खोटं बोलायचं नाही. संपली गोष्ट.

"गोष्टी सांगायला असतात," डॉक्टर म्हणाले. "माणसं घडवायची रीत वेगळी."

"मग आम्हाला घर नको."

"मग नाही," डॉक्टर म्हणाले आणि बिलासाठी हात वर केला.

परतताना ॲन्सन नजर रस्त्यावर रोखून गाडी चालवत होता. शेवटी मागच्या सीटवरून फेंग म्हणाला, "जेवण चांगलं होतं पण."

"फेंग, गप."

"गपच बसणार होतो. एक विचारू? त्या पहिल्या पोरांकडे घर होतं का?"

"नव्हतं. खोली होती. खाली कातडी वाळत घातलेली," ॲन्सन म्हणाला.

"मग आपल्याला कशाला लागतंय?"

ॲन्सनने गाडी कडेला घेतली, थांबवली आणि मागे वळून त्याच्याकडे बघत राहिला. "गाडी चालव, लेका," फेंग म्हणाला, "मी काही लग्नाची मागणी नाही घातली."

अशा तऱ्हेने आम्ही लूथरन चर्चच्या तळघरात आलो. तिथलं स्वयंपाकघर मिसेस टोर्विक नावाच्या बाईंच्या ताब्यात होतं. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "दगडी घरवाले ना तुम्ही? दारू?"

"नाही, मॅडम."

"कुणाला त्रास?"

"नाही, मॅडम."

"मग चूल वापरा. पण आधी पुसायला शिका."

दर शुक्रवारी आम्ही मासे तळायला लागलो. बरोबर बटाट्याची धिरडी, कोबीची कोशिंबीर, काळा पाव. फेंगच्या आईने बरणीभर मिरचीचा ठेचा पाठवला. त्यावर मिसेस टोर्विक पहिल्यांदा म्हणाल्या, "हे खायचं असतं?", आणि नंतर स्वतःची बशी वेगळी काढून ठेवायला लागल्या. दार सगळ्यांना उघडं. उमेदवार असो, नसो. शेवटी येईल त्याला आधी वाढायचं.

पहिल्याच शुक्रवारी या नियमाची दैना झाली. पोरं बिलंदर. कुणीच आत येईना! सगळे बाहेर पायऱ्यांवर गारठत उभे, एकमेकांना "तू हो पुढे", "छे, तू मोठा", "आधी तू रे" करत. प्रत्येकाला शेवटचं व्हायचं होतं. आत मासे गार.

"तुमच्या संस्थापकांना पळवाटा बुजवता येत नव्हत्या," फेंग म्हणाला आणि नियमाला एक शेपूट जोडलं. जो पहिला येईल तो वाढणार. सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वतः बसणार, आणि त्याच्यासाठी चांगला तुकडा राखून ठेवायची जबाबदारी बाकीच्यांची.

कागदावर हे फारसं काही वाटत नाही. पण झालं असं की वाढणं पोरांना आवडायला लागलं. दारातून आत येणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो ते वाढणाऱ्याला दिसतं. तो कुस्तीवाला पोरगा कुणाशी दोन वाक्यं बोलत नसे, तो वर्ग संपल्याबरोबर धावत यायला लागला. कोरियातून आलेली एक विद्यार्थिनी यायची. वसतिगृहात ती रोज खोलीत एकटीच जेवते हे आम्हाला तिथेच कळलं. बायको वारल्यापासून डबाबंद सूपवर राहणारे भूगोलाचे प्राध्यापक यायचे. नाताळच्या सुट्टीआधी कॉलेजच्या डीन बाई आल्या, जेवल्या, गेल्या, आणि पुढच्या शुक्रवारी नवऱ्याला घेऊन आल्या.

फेब्रुवारीत एके दिवशी मी पहिला आलो होतो. अंगावर एप्रन, हातात झारा. सगळे बसले, मी वाढायला घेणार इतक्यात दार पुन्हा उघडलं. आत आलेल्या माणसाने टोपी काढली. रुंद खांदे, उन्हावाऱ्याने रापलेला चेहरा. मी त्याला कधी भेटलो नव्हतो, पण पेपरातला फोटो कोण विसरेल? त्या वर्षी उमेदवारांचा आठवडा याच्या हाती होता. केड ब्रुनर.

"जागा आहे का?" त्याने विचारलं.

ॲन्सन उठला. कोट खुर्चीवर तसाच ठेवून, त्याच्या शेजारून, दाराबाहेर निघून गेला.

केड टेबलाच्या टोकाला बसला. शेवटचा तोच होता. नियमाने मला त्यालाच आधी वाढायचं होतं, आणि माझा हात हलेना.

"मासे गार होताहेत, पोरा," मागून मिसेस टोर्विक हळूच म्हणाल्या.

मी वाढलं. प्रेमाने वाढलं असं सांगायला आवडलं असतं, पण बशीत टाकलं म्हणणंच खरं. झारा ऑस्करच्या हातात दिला, ॲन्सनचा कोट उचलला आणि बाहेर गेलो.

तो चर्चच्या पायरीवर बसला होता.

"नियम केला तेव्हा माझ्या डोक्यात अनोळखी माणसं होती," तो म्हणाला. "हा नव्हता."

"हाकलू?"

"हाकलशील?"

"तू म्हण फक्त. तो मोठा आहे, पण कुस्तीवाला आपल्याकडे आहे."

तो हसला. दात थंडीने वाजत होते. मी त्याच्या खांद्यावर कोट टाकला. बराच वेळ आम्ही रस्त्यावरून जाणारा बर्फ ढकलायचा ट्रक बघत बसलो.

"उरलेली बोटं जायच्या आधी आत चल," मी म्हणालो.

आत गेल्यावर तो सरळ केडच्या समोर जाऊन बसला. केडने बशीला हात लावला नव्हता.

"बोल," ॲन्सन म्हणाला.

"मी हल्ली काकाबरोबर छपरं घालतो," केड म्हणाला. काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्यासारखं. मग म्हणाला, "चौकशीत मी सांगितलं होतं की आम्ही परत आल्यावर पोरं मोजली नाहीत."

"माहीत आहे मला."

"मी मोजली होती. एक कमी भरला."

केडने बशी बाजूला सरकवली.

"मी म्हटलं, गेला असेल वसतिगृहावर. कुणीतरी म्हणालं, बघून येऊ या का. तर मी म्हणालो, आता जो बाहेर जाईल तोही उमेदवार, त्यालाही भांडी. सगळे हसले. मग कुणी गेलं नाही."

ॲन्सन त्याच्याकडे बघत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. गणित चुकल्यावर माणूस वहीकडे बघतो तसा बघत होता.

"इतके दिवस मला वाटत होतं, तुम्ही मला विसरलात," तो म्हणाला.

"नाही."

"विसरला असतात तर बरं झालं असतं, केड."

केडने मान खाली घातली. त्याचे ओठ हलले, पण ॲन्सनने हात वर केला. "माफी आज मागू नकोस. मागितलीस तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि द्यायला माझ्याकडे काही नाहीये. पण आत्ता जे मला सांगितलंस ते उभं राहून या सगळ्यांना सांग. मोठ्याने. यातला प्रत्येकजण कधी ना कधी मोजणारा होणार आहे."

केड उठला. टेबलाची कड धरून त्याने सगळं पुन्हा सांगितलं, एक शब्दही मऊ न करता. टाळ्या वगैरे काही नाही. कुस्तीवाल्याने विचारलं, "बघून येऊ या म्हणाला तो कोण होता?"

"आवाज आठवतो," केड म्हणाला. "कोण ते नाही आठवत. मी वळून बघितलंच नाही."

तो खाली बसला आणि बाहीने डोळे पुसायला लागला. फेंगने ठेच्याची बरणी त्याच्यापुढे सरकवली. "घे. हा खाल्ल्यावर सगळेच रडतात. कुणाला काही कळणार नाही."

मार्चमध्ये माजी सभासदांची न्याहारी होती. ॲन्सनने केडला विचारलं, तिथे बोलशील का, आणि तो आला. त्याच्या काकाच्या वयाची माणसं, कुणी वकील, कुणी बँकवाले, त्यांच्यासमोर कामाच्या बुटांतच उभा राहून त्याने तेच सांगितलं. एक गृहस्थ मध्येच ताडकन उठून गेले. दुसरे म्हणाले, जुनी मढी कशाला उकरायची. डॉक्टर स्ट्राउड कॉफी न पिता कप नुसता हातात फिरवत राहिले.

पुढच्या रविवारी ते आमच्या वसतिगृहाच्या दाराशी उभे. हातात दगडी घराच्या किल्ल्या.

"चला," म्हणाले. "बघू या तरी काय उरलंय."

फार काही उरलं नव्हतं. नळ फुटलेले, भिंतींना बुरशी, धुराड्यात रॅकूनचं, मांजराएवढ्या रानटी जनावराचं, बिऱ्हाड. बैठकीच्या खोलीत तळ्याकडच्या खिडकीपाशी डॉक्टर थांबले. बर्फ अजून होतं, पण काठाने काळं पाणी दिसायला लागलं होतं.

"मलाही उभं केलं होतं तिथे," ते म्हणाले. आमच्याकडे बघत नव्हते. "मी पळत परत आलो. म्हणून इतकी वर्षं मला वाटायचं, सगळेच परत येतात."

ॲन्सन त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. तो म्हणाला, "डॉक्टर, रॅकून कसा काढतात माहीत आहे?"

"दातच काढतो रे मी," डॉक्टर म्हणाले.

आणि ते हसले, नाक शिंकरल्यासारखं. मी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा हसताना पाहिलं.

तो सगळा वसंत आम्ही त्या घरात घालवला. छप्पर केडने केलं. काकाला सांगून संध्याकाळी यायचा, शिडी लावायचा, काम करायचा, जायचा. ॲन्सन खाली फळ्या कापायचा. दोघं बोलायचे ते खिळ्यांबद्दल आणि मापांबद्दल. एकदा ॲन्सनने वर हाक मारली, "केड, हातोडी टाक," आणि केडने ती टाकली नाही, शिडीवरून खाली उतरून हातात आणून दिली. माफीचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

कडक आठवडा आम्ही उलटा केला. मेमध्ये शपथ घ्यायच्या आधीच्या आठवड्यात उमेदवारांना रगडायला कुणी जुने भाऊच नव्हते. ॲन्सनसुद्धा कागदोपत्री उमेदवारच होता. मग डॉक्टर आणि आणखी तीन माजी सभासद रोज येऊन आम्हाला जेवण करून घालत. भयानक जेवण. "आता कळलं छळ म्हणजे काय," फेंग म्हणायचा.

शपथ दुपारी, हिरवळीवर, कुणाच्या डोळ्यांवर पट्टी न बांधता. आयाबाप बघायला आले होते, मिसेस टोर्विक टोपी घालून आल्या होत्या. क्रम वर्णमालेने ठरला तेव्हा फेंगने हरकत घेतली. "वांग शेवटी येतो. म्हणजे मी आधी." मुख्य कचेरीतला माणूस गोंधळला. ॲन्सनने त्याला समजावलं की हा बरोबर बोलतोय.

ॲन्सन जूनमध्ये पदवी घेऊन डुलुथ शहरात गेला. त्या घरात तो भाऊ म्हणून राहिला असेल जेमतेम महिनाभर. जाताना सगळं माझ्या गळ्यात घालून गेला. "तुला पटलं नव्हतं ना," म्हणाला, "म्हणून तूच बरा. सारखा विचारत राहशील, कशाला हवं म्हणून."

ऑगस्टच्या अखेरीस पोरं राहायला यायला लागली. मी दारात होतो. मिलवॉकीहून एक गाडी आली. दुसऱ्या वर्षाचा एक बारीकसा मुलगा उतरला आणि पाठोपाठ त्याची आई. दवाखान्यात काम करत असावी, पायांत तसे पांढरे बूट होते. तिने दारावरची अक्षरं बघितली, मग तळं बघितलं, आणि मग मला विचारलं, "माझा मुलगा इथे नीट राहील?"

"आई, प्लीज," मुलगा म्हणाला. कानांपर्यंत लाल झाला होता.

'हो' म्हणणं सोपं होतं. मी म्हणालो, "आधी इथे काय झालं ते सांगतो," आणि तिथेच पायरीवर सगळं सांगितलं. बोटांचं, आणि मोजण्याचंही. ती गाडीची डिकी उघडी ठेवून उभ्याने ऐकत राहिली.

"हे तू सगळ्यांना सांगतोस?"

"हो. सामान आत न्यायच्या आधी."

"ऐकून कुणी परत गेलं?"

"एक गेला. त्याच्या वडिलांनी गाडीच वळवली."

तिने मान हलवली. तळ्यावर कुणीतरी होडी काढली होती, तिकडे बघत राहिली. मग पर्स उघडून एक निळा पंप बाहेर काढला.

"याला दमा आहे. थंडीत जास्त होतो. खोलीत याच्याबरोबर कोण असणार?"

मी जिन्याखालून हाक मारली. ऑस्कर ट्रॉम्बोन हातात घेऊनच खाली आला. तिने त्याला पायरीवर बसवलं, ट्रॉम्बोन बाजूला ठेवायला लावलं आणि दाखवलं, पंप कसा हलवायचा, तोंडात कसा धरायचा, दाबायचा कधी, आणि किती वेळाने मदतीला फोन करायचा. ऑस्कर मान डोलावत होता.

"मान नको डोलावू," ती म्हणाली. "आता तू करून दाखव."

ऑस्करने करून दाखवलं. चुकलं. तिने पुन्हा शिकवलं. तोवर मी आणि तो मुलगा गाडीतून खोकी काढायला लागलो होतो.